पाटीवरचे पहिले अक्षर : रमाबाई रानडे



आपण स्वतःविषयी जे मत बाळगतो, ते बहुतेक वेळा आपण स्वतः ठरवलेले नसते. लहानपणी घरात आणि आजूबाजूला जे पुन्हा पुन्हा कानावर पडते, तेच हळूहळू आपल्याला खरे वाटू लागते. असे पक्के झालेले मत बदलता येते का? येते. कसे, हे समजून घेण्यासाठी या अंकात आम्ही रमाबाई रानडे यांचे जीवन आपल्यापुढे ठेवत आहोत.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्या काळी मुलीने लिहिणे-वाचणे अशुभ मानले जाई. शिकलेल्या स्त्रीला वैधव्य येते, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळे छोट्या रमेच्या हाती पाटी आली नाही. अक्षर ही आपल्यासाठी नसलेली गोष्ट आहे, हे तिला कोणी मुद्दाम शिकवावे लागले नाही. घरातल्या हवेतच ते होते.

१८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. ते सुधारक होते, विधवाविवाहाचे समर्थक होते, तरीही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले आणि त्यांनी एका बालिकेशी लग्न केले. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. पण लग्नानंतर लगेच त्यांनी पत्नीला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. तू हुशार आहेस असे सांगून ते थांबले नाहीत. रोज अभ्यास दिला आणि तो रोज पाहिला. आमच्या मते सारे इथेच आहे. नुसत्या कौतुकाने मनातली भीती जात नाही. काल न आलेले अक्षर आज स्वतःच्या हाताने काढता आले, की तिची जागा थोडी कमी होते.

घरात मात्र हे सोपे नव्हते. सासरच्या बायकांचे टोमणे रोजचेच होते. पुढे इंग्रज शिक्षिकेकडे धडा घेतल्यावर शिवाशिवीच्या नियमामुळे पुन्हा स्नान करावे लागे. रमाबाई उलट बोलल्या नाहीत आणि अभ्यासही सोडला नाही. त्या बायका दुष्ट होत्या असे समजू नये. त्यांनाही लहानपणी हेच शिकवले गेले होते. फरक इतकाच की त्यांच्या हाती कोणी पाटी दिली नाही.

रानड्यांची नाशिकला बदली झाली. तिथे रमाबाई लोकांसमोर बोलू लागल्या. पुढे पुण्यात मुंबईच्या गव्हर्नरांसमोर, भर सभेत, मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी वाचले. ते हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो.

ते निवेदन मात्र रानड्यांनी लिहून दिलेले होते. तोवर रमाबाईंना पतीच्या विश्वासाचा आधार होता. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले आणि तो आधार संपला. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. इथेच सारे थांबले असते, तर त्यांचा आत्मविश्वास उसना होता असेच म्हणावे लागले असते. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले.

सेवासदनात आलेल्या कित्येक स्त्रिया विधवा होत्या. आपण अपशकुनी आहोत, कोणाच्या कामाच्या नाही, हे त्यांच्या मनात खोल रुजले होते. रमाबाईंनी त्यांना नुसता उपदेश केला नाही. वाचन-लेखन, शिवणकाम, अध्यापन असे काम हाती दिले. काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. जिचे तोंड सकाळी पाहू नये असे लोक म्हणत, तिचीच आजारी माणूस वाट पाहू लागला. आपण कोण आहोत, हे त्या स्त्रियांना स्वतःच्या कामातून नव्याने कळले.

१९१० मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक निघाले. कधी काळी पाटीसुद्धा न मिळालेली ती मुलगी मराठीतील एक मान्यवर लेखिका झाली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

पालकहो, भेलच्या कारखान्यासाठी आपली कितीतरी कुटुंबे महाराष्ट्रातून इथे येऊन वसली. शाळेत, बाजारात, कचेरीत हिंदी असल्यामुळे आपली मराठी कच्ची आहे, अशी समजूत घरोघरी आहे. आम्हीही हिंदी माध्यमातूनच शिकलो, म्हणून हा संकोच आम्हाला चांगला ठाऊक आहे. मुलांसमोर तो बोलून दाखवला की तो त्यांचाही होतो. त्यापेक्षा रोज रात्री मुलाकडून मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. अडखळले तर थांबावे, हसू नये, आणि दुसऱ्या दिवशी पुढचे पान उघडावे. गणितालाही हेच लागू आहे आणि भाषणालाही.

विद्यार्थी मित्रांनो, जे येत नाही त्याची यादी करा आणि त्यातले एक काम आजच हाती घ्या. तुम्हा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.