मंगळावरचे पाहुणे आणि एक नापास विद्यार्थी

आधीच सांगते, मला मराठीत लिहायची सवय नाही. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी फक्त घरात आणि थर्ड लँग्वेजच्या पेपरात. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

गेल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला त्या रात्री आमच्या विंगमध्ये पिक्चर बघायचं ठरलं. काहीजणी ऑल क्लिअर झाल्याच्या आनंदात, काहीजणी केटी लागल्याच्या दुःखात. मी दुसऱ्या गटात. विषय अर्थातच एम-थ्री. एका लॅपटॉपसमोर सातजणी आणि मधे मॅगीचं पातेलं. पिक्चर होता स्टीव्हन स्पीलबर्गचा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. २००५ सालचा, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा.

सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून काढलेला हा पिक्चर. टॉम क्रूझ बंदरावर क्रेन चालवणारा एक साधा बाप. एक दिवस विजा कोसळतात, रस्ता फाटतो आणि जमिनीतून तीन पायांचं अजस्र यंत्र वर येतं. समोरच्या माणसांची क्षणात राख! इतकी वर्षं झाली तरी तो सीन बघताना आमची मॅगी थंड झाली. रणगाडे, विमानं, कशाचाच उपयोग होत नाही. आणि शेवटी या परग्रहवासीयांना हरवतं कोण? तर आपल्या हवा-पाण्यातले साधे जंतू. आमच्या रूममध्ये एकच गोंधळ झाला. एवढा खर्च करून शेवटी इन्फेक्शनने मेले? सगळ्यांना फसवल्यासारखं वाटलं. मला मात्र झोप येईना (कारण केटी घरी सांगायची होती), म्हणून हा शेवट कुणाच्या डोक्यातून आला ते शोधत बसले. तो सापडला १८९८ सालच्या पुस्तकात आणि त्याच्यामागे सापडला हर्बर्ट जॉर्ज वेल्स. एवढ्या मोठ्या माणसाला खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण वाचता वाचता तो आपल्याच होस्टेलमधला वाटायला लागला.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, इंग्लंडमधल्या ब्रॉमली गावातला. वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि क्रिकेटच्या सामानाचं छोटं दुकान, जे कधी नीट चाललंच नाही. वडील केंटकडून क्रिकेट खेळायचे आणि १८६२ मध्ये त्यांनी ससेक्सच्या चार बॅट्समनना ओळीने चार चेंडूंवर आउट केलं होतं. हर्बर्ट सात-आठ वर्षांचा असताना पाय मोडून अंथरुणावर पडला. वडील लायब्ररीतून पुस्तकं आणून द्यायचे. तिथून वाचनाचं वेड लागलं. पुढे १८७७ मध्ये वडिलांचाच पाय मोडला, क्रिकेट सुटलं आणि घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. आईला एका बड्या घराण्याच्या हवेलीत हाउसकीपरची नोकरी धरावी लागली.

मुलाला कापडदुकानात उमेदवारीला घातलं. दिवसाला तेरा तास काम आणि रात्री इतर पोरांबरोबर एका मोठ्या खोलीत झोपायचं. दोन वर्षं त्याने काढली. शेवटी १८८३ मध्ये एक दिवस तो सुमारे १७ मैल चालत आईकडे गेला आणि आता हे जमणार नाही असं तोंडावर सांगून टाकलं. आईने त्या उमेदवारीसाठी पैसे भरले होते. तिला काय वाटलं असेल!

नंतर एका शाळेत शिकत-शिकवत त्याने स्कॉलरशिप मिळवली आणि १८८४ मध्ये लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये आला. हीच संस्था पुढे इम्पीरियल कॉलेजचा भाग झाली. स्कॉलरशिप आठवड्याला एक गिनी. तेवढ्यात भागायचं नाही, त्यामुळे बऱ्याचदा अर्धपोटी. (मेसला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला साक्षात टी. एच. हक्स्ले! तिथे तो रमला. पुढचे विषय कंटाळवाणे वाटले, मग लक्ष गेलं डिबेटमध्ये आणि मॅगझिनमध्ये. हो, कॉलेजचं मॅगझिन! 'सायन्स स्कूल्स जर्नल' सुरू करण्यात त्याचाच पुढाकार होता. परिणाम व्हायचा तोच झाला. १८८७ मध्ये भूगर्भशास्त्राच्या फायनलला साहेब नापास. स्कॉलरशिप गेली.

इथे आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं की बघा, नापास झालेलेच मोठे होतात. मला ते पटत नाही. नापास झाल्यावर वेल्सला वेल्समधल्या एका खेड्यात मास्तरकी करावी लागली. फुटबॉल खेळताना किडनीला मार बसला, मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं. क्षयाची भीती डोक्यावर बसली. नापास होण्याने त्याचं काही भलं झालं नाही. भलं झालं ते परत अभ्यासाला बसल्यामुळे. १८९० मध्ये बाहेरून परीक्षा देऊन त्याने लंडन युनिव्हर्सिटीची बी.एस्सी. मिळवलीच. आणि १८८८ मध्ये त्या कॉलेज मॅगझिनमध्ये छापलेली कालप्रवासाची कच्ची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहून १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' केलं.

त्याच सुमारास तो वोकिंग गावात राहायला गेला. सायकल घेऊन आजूबाजूला फिरायचा आणि मंगळवासीयांनी कुठलं घर, कुठला रस्ता उडवायचा ते ठरवायचा. कल्पना सुचली भाऊ फ्रँकशी बोलताना. युरोपीय लोक टास्मानियात शिरले तेव्हा तिथल्या मूळ लोकांचं काय झालं, हा विषय निघाला. तसंच कुणी आकाशातून येऊन इंग्लंडचं केलं तर? तेव्हा आपला देशही त्याच साम्राज्याखाली होता, हे वाचताना आठवतंच. पिक्चरमधून हा टोमणा गळून गेलाय. तिथे उरली आहे ती मुलांना वाचवणाऱ्या बापाची भीती. तीही खरी आहे, पण पुस्तक वाचल्यावर पिक्चर जरा पोकळ वाटतो.

शेवट मात्र स्पीलबर्गने बदलला नाही, आणि आता मला तो फसवणूक वाटत नाही. जंतूंमुळे रोग होतात हे विज्ञान तेव्हा ताजं होतं. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. हक्स्लेच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावलेला, स्वतः रक्त ओकलेला माणूस दुसरा कुठला शेवट लिहिणार?

संसारात तो फारसा सरळ नव्हता. पहिलं लग्न मोडलं, दुसऱ्या बायकोलाही त्याने त्रासच दिला. पण लांबचं त्याला दिसायचं. १९१४ च्या कादंबरीत त्याने अणुबॉम्ब लिहिला आणि १९४५ मध्ये हिरोशिमा बघून १३ ऑगस्ट १९४६ ला तो गेला.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते मात्र ते १७ मैल. मला तर फक्त एक फोन करायचा होता. आठ दिवस टाळला होता. नवव्या दिवशी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग परत फॉर्म कधी भरायचा ते विचारलं.

फॉर्म भरलाय. आता हे पान संपादकांकडे दिलं की मी एम-थ्री उघडणार आहे!