मुरुडचा धोंडू
(महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बालपणाचे पुण्यस्मरण)

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष सामान्यतः त्यांच्या कीर्तीच्या शिखराकडे लागलेले असते. ते शिखर ज्या पायथ्यावर उभे असते, त्या पायथ्याची माती कोणत्या गावची, ती कोणाच्या हातांनी तुडविली गेली, याचा विचार आपण क्वचितच करतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव उच्चारताच हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ आणि १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी लाभलेला ‘भारतरत्न’ हा बहुमान डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या साऱ्याचा उगम कोकणातील एका लहानशा गावात, एका दरिद्री पण मानी घरात झाला. आपल्या ज्ञातीच्या या स्मरणिकेत अण्णांचे स्मरण करावयाचे, तर ते त्या गावापासून आरंभणेच उचित होईल. त्या गावाने त्यांना घडविले आणि त्याच गावाने पुढे त्यांना दूर लोटले. या दोन्ही गोष्टी आपल्या आहेत आणि दोन्ही आपण मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. कर्व्यांचे मूळ घर दापोली तालुक्यातील मुरुड येथे. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यालगत नारळी-पोफळींच्या वाड्या, विहिरींवर कुरकुरणारे रहाट आणि गावाच्या मध्यभागी श्रीदुर्गादेवीचे देवालय, असे ते गाव. अण्णांच्या पूर्वजांनी एके काळी चांगले वैभव भोगले होते, परंतु त्यांचे वडील केशवपंत यांच्या काळापर्यंत ते सर्व ओसरून गेले होते. केशवपंतांना अल्प वेतनावर परगावी खासगी कारभाराची चाकरी पत्करावी लागली आणि घरची सारी जबाबदारी माउलीवर येऊन पडली. थोरला भिकाजी, मधला धोंडू आणि धाकटी अंबा या तीन मुलांना तिने काटकसरीने वाढविले.

दारिद्र्याच्या या दिवसांविषयी अण्णांनी पुढे जे लिहून ठेवले, त्यात कडवटपणाचा लवलेशही नाही. १९१५ साली वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी आपले ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले. त्यातील बालपणाचा भाग वाचताना वाटते की, आपण एखाद्या सुखवस्तू घरातील मुलाचीच हकीगत वाचीत आहोत. समुद्रकाठचे खेळ, सवंगडी, शाळा आणि आईचा धाक यांच्या आठवणींत त्यांचे मन रमून जाते.

त्यांच्या आईविषयीची एक आठवण तर प्रत्येक घरात सांगितली जावी अशी आहे. कोणा श्रीमंताकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असल्याची वार्ता एकदा गावात आली. गावातील पुष्कळजण जावयास निघाले. आपणही जावे, चार पैसे मिळाले तर घरास तेवढाच आधार होईल, असे मुलांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु माउलीने साफ नकार दिला. ज्या घराने एके काळी दुसऱ्यांस कर्जाऊ पैसा दिला, त्या घरातील मुलांनी दक्षिणेसाठी हात पसरावा, हे तिला मानवेना. घरात चणचण असताना मिळू शकणाऱ्या पैशाकडे पाठ फिरविणे ही लहान गोष्ट नव्हे. धोंडूच्या कोवळ्या मनावर तो नकार कायमचा कोरला गेला. पुढे याच पुरुषाने आयुष्याची साठ-पासष्ट वर्षे अनाथ विधवांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी आणि खेड्यांतील शाळांसाठी गावोगाव वर्गणी मागितली. परंतु त्यात स्वतःसाठी एक कवडीही नव्हती. स्वतःसाठी हात पसरावयाचा नाही हा धडा आईने दिला होता, आणि तो पक्का झाला होता म्हणूनच दुसऱ्यांसाठी मागताना त्यांना संकोच वाटला नाही.

आईच्या खालोखाल धोंडूवर संस्कार केले ते मुरुडच्या मराठी शाळेतील शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण यांनी. सोमण गुरुजी पोटार्थी पंतोजी नव्हते. आपल्या गावाने जगाबरोबर चालावे अशी तळमळ असलेले ते शिक्षक होते. गावात वृत्तपत्र आले म्हणजे ते दुर्गादेवीच्या देवळात ग्रामस्थांना वाचून दाखवावयाचे, असा परिपाठ पडला आणि हे वाचनाचे काम धोंडूकडे आले. धोंडू स्वभावाने अतिशय भिडस्त आणि लाजाळू. चारचौघांत तोंड उघडणे म्हणजे त्याला संकट वाटे. अशा मुलाला देवळाच्या मंडपात वडीलधाऱ्या मंडळींसमोर बसून मोठ्याने वाचावे लागले. जगात काय चालले आहे हे त्या वाचनातून श्रोत्यांना कळले, तसेच वाचणाऱ्यालाही कळले. तो काळ मोठ्या वादळाचा होता. १८६९ साली मुंबईत पुनर्विवाह झाला, १८७० साली पुण्यास त्या विषयावर शास्त्रार्थ रंगला आणि त्याचे पडसाद पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रांतून उमटत राहिले. सार्वजनिक प्रश्न हा आपलाही प्रश्न असतो, ही जाणीव अशा वातावरणात त्या मुलाच्या मनात रुजली.

गुरुजींनी गावात भाग-भांडवल जमवून एक दुकानही काढले होते. त्यात धोंडूनेही काम केले. दुकान फार काळ चालले नाही आणि त्यात तोटाच आला. परंतु चारजणांनी मिळून एखादे काम उभे करावे, त्याचा पै-पैचा हिशेब ठेवावा, आणि ते फसले तरी खचू नये, हे शिक्षण त्या दुकानाने दिले. अण्णांच्या पुढील संस्थांचे हिशेब किती चोख असत, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तोट्याच्या दुकानाचे मोल सहज कळेल.

वयाच्या सतराव्या वर्षीचा एक प्रसंग तर महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास जावयाचे होते. दिवस पावसाळ्याचे असल्याने हर्णै बंदरातून आगबोटी बंद होत्या. तेव्हा मुरुडच्या काही मुलांनी पायीच निघण्याचा निश्चय केला. चिपळूणवरून कुंभार्लीचा घाट चढून पाटणमार्गे सातारा, असा सुमारे ११० मैलांचा हा प्रवास. डोक्यावर पावसाच्या धारा, पायाखाली चिखल आणि वाटेत भरून वाहणारे ओढे. चार दिवस चालून मुले साताऱ्यास पोहोचली. परंतु परीक्षेच्या जागी वेगळेच संकट उभे राहिले. धोंडूची शरीरयष्टी इतकी लहान होती की, हा मुलगा सतरा वर्षांचा आहे यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. शाळेचा दाखला जवळ असूनही त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. चार दिवसांचे श्रम क्षणात वाया गेले. आल्या वाटेने परत जाताना त्या मुलाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तथापि त्याने उमेद सोडली नाही. पुढील वर्षी कोल्हापूर येथे तो त्याच परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला.

यानंतरचा शिक्षणक्रमही असाच संथ पण अखंड आहे. इंग्रजी शिकण्यास उशीर झाल्यामुळे मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. १८८४ साली गणित हा विषय घेऊन ते मुंबईस बी. ए. झाले. घरोघरी शिकवण्या करावयाच्या, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पायी जावयाचे आणि मिळेल त्या पैशातून आपले व आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे चालवावयाचे, असे ते दिवस होते. अशा ओढाताणीतही गावाची आठवण बुजली नाही. बाहेरगावी मिळवते झालेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीचा अल्पसा भाग गावाच्या हितासाठी बाजूस काढावा, या कल्पनेतून त्यांनी ‘मुरुड फंड’ सुरू केला. स्वतःची मिळकत तुटपुंजी असताना पहिला विचार गावाचा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता त्या प्रसंगाकडे वळले पाहिजे, जो सांगताना आपल्यासारख्यांची मान खाली जाते. १८९१ साली अण्णांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. दुसरा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला आणि ११ मार्च १८९३ रोजी आपले स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी गोदूबाई यांचे पाणिग्रहण केले. गोदूबाईंना अगदी कोवळ्या वयात वैधव्य आले होते आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्या शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. महाराष्ट्र पुढे त्यांना बाया कर्वे या नावाने ओळखू लागला.

या विवाहाची वार्ता मुरुडास पोहोचली, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. अण्णांना घरात थारा दिल्यास त्यांच्या आप्तांनाही वाळीत टाकले जाईल, असा त्याचा आशय होता. ज्या देवळात त्यांनी लहानपणी वृत्तपत्रे वाचून दाखविली, ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला, त्याच गावात आपल्या जन्मदात्रीच्या घरी मुक्काम करण्याची त्यांना सोय उरली नाही. आईचा जीव एकीकडे मुलासाठी तुटत होता आणि दुसरीकडे थोरल्या मुलाच्या संसारावर, लेकीसुनांवर गावाची करडी नजर होती. ज्यांनी हा ठराव केला ते कोणी दुष्ट लोक नव्हते. ते आपल्यासारखेच रूढीला धर्म समजणारे, चार लोक काय म्हणतील याला भिणारे सज्जन होते. म्हणूनच तो प्रसंग आपल्याला अधिक बोचला पाहिजे.

या अपमानानंतर दुसरा कोणी असता, तर त्याने गावाचे नाव टाकले असते. अण्णांनी तसे केले नाही. बहिष्काराची हकीगत ते आत्मवृत्तात सांगतात, ती कोणास दोष न देता. मुरुडच्या आठवणींतील ओलावा त्या हकीगतीने सुकला नाही. गावकऱ्यांनी जे केले ते त्यांच्या समजुतीप्रमाणे केले, ती समजूत बदलावयाची तर शिक्षणाखेरीज दुसरा मार्ग नाही, असा विचार करून त्यांनी आयुष्याची दिशा पक्की केली. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रम हलविला, आणि महाविद्यालयातील काम आटोपून पुण्याहून तेथवर ते रोज पायी जाऊ लागले. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल माजे. कुंभार्लीचा घाट ज्याने लहानपणी तुडविला होता, त्याला हिंगण्याची वाट काय कठीण! १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाखांच्या देणगीने त्याचा पाया बळकट झाला. सत्तरी उलटल्यावर विद्यापीठासाठी त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे प्रवास केला.

आणि मग, विश्रांतीचा अधिकार कधीच मिळविलेला असताना, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची स्थापना केली. ज्या खेड्यांत शाळाच नाही, तेथे शाळा काढावयाची हा त्याचा उद्देश. या कामासाठी हा वृद्ध पुरुष घरोघर हिंडून लहान लहान वर्गण्या गोळा करी. जीवनाच्या संध्याकाळी त्यांचे मन पुन्हा खेड्यातल्या शाळेकडे वळले होते. आपल्याला एक सोमण गुरुजी लाभले म्हणून आपण घडलो, प्रत्येक खेड्यातल्या मुलाला तसे गुरुजी का लाभू नयेत, हीच त्यामागील तळमळ असावी असे वाटल्याखेरीज राहत नाही. १९४४ साली त्यांनी समता संघ स्थापन केला, तेव्हा जातिभेदाच्या भिंतीही त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रात घेतल्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या एकशेपाचव्या वर्षी त्यांनी पुण्यात देह ठेवला.

आज अण्णांच्या नावाचा अभिमान आपण सर्वजण मिरवितो. अशा स्मरणिकांतून त्यांचे छायाचित्र छापले जाते, सभांतून हार घातले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु अभिमानाचा अधिकार पूर्ण मिळवावयाचा असेल, तर त्या ठरावाचीही आठवण जवळ बाळगली पाहिजे. आज आपल्या घरांत, आपल्या संमेलनांत कोणी रूढीविरुद्ध पाऊल टाकतो, तेव्हा आपण सोमण गुरुजींच्या बाजूस उभे असतो की ठराव करणाऱ्यांच्या, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे. बालपणाच्या गोड आठवणी सर्वांनाच असतात. त्या आठवणींचे गाव आपल्यावर रुसले तरी त्याच्यावरचे प्रेम न सोडता त्याला शहाणे करण्यासाठी झिजणे फार थोड्यांना साधते. मुरुडच्या धोंडूला ते साधले. ते साधण्याची बुद्धी ईश्वराने आम्हां सर्वांस देवो, एवढीच या पुण्यस्मरणप्रसंगी प्रार्थना.