दप्तर आणि विद्यापीठ : कै. चिंतामणराव देशमुख

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा त्याग करणारे अर्थमंत्री म्हणून कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्यातील विद्यापीठीय पर्व मात्र सहसा एका ओळीत उरकले जाते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास तेच पर्व अधिक बोधप्रद वाटते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकाविली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही ते पहिले आले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडात महसुलाची दप्तरे हाताळतानाही त्यांच्यातील संस्कृतचा रसिक मावळला नाही. मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद याची साक्ष देतो.

विद्वानाजवळील ज्ञान राज्यकारभारास हवे असते, याची जाण त्यांना आरंभापासून होती. प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले व १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. विद्यापीठाची मागणी अध्यापकाच्या भाषेत येते आणि पैसा हिशेबाच्या भाषेत सुटतो. या दोन्ही भाषा जाणणारा पुरुष तेथे लाभला, हे त्या नव्या मंडळाचे भाग्यच होय. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ सालीच तेथे पत्रद्वारा शिक्षणाचे विद्यालय सुरू झाले. या पद्धतीत अध्यापकाने पाठ लिहून भागत नाही. तो छापून, नोंदवून वेळेवर टपालात टाकणारा कर्मचारी चुकला, तर विद्यार्थ्यापर्यंत विद्या पोहोचतच नाही. अध्यापक व कार्यालय एकमेकांवर किती अवलंबून असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. हैदराबादच्या प्रशासकीय प्रशिक्षण महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे नेतृत्वही त्यांनी अनेक वर्षे केले. कारभार हा शिकण्याचा आणि एकमेकांस शिकविण्याचा विषय आहे, ही त्या संस्थेमागील धारणा होती. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथेच त्यांचे देहावसान झाले.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका विद्यापीठाचे उपकरण-खरेदीचे प्रकरण माझ्या टेबलावर आले होते. प्राध्यापकांनी नियम वाचण्याची तसदी घेतली नव्हती आणि उपकरण कशासाठी हवे, हे तेथील कार्यालयाने त्यांना विचारले नव्हते. मीही कोणासच काही न विचारता त्रुटींचा शेरा मारून कागद परत पाठविला. मार्च उलटला व अनुदान व्यपगत झाले. नियमानुसार माझे काहीच चुकले नव्हते; तथापि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा प्रयोग राहून गेला. पुढे चिंतामणरावांचे चरित्र वाचताना तो शेरा मला वारंवार आठवला. शेरा लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजूंस समोरासमोर बसविणे माझ्या हाती होते.

आज एचएसआर लेआउटमध्ये अध्यापक, संशोधक, लेखापाल आणि कार्यालयीन कर्मचारी शेजारी शेजारी राहतात व गणेशोत्सवात एकाच पंगतीस बसतात. अध्यापकाने कारकुनास आपला विषय सांगावा आणि कारकुनाने अध्यापकास आपला नियम समजावून द्यावा, यासाठी पंगतीइतकी सोयीची जागा नाही. आपल्या मंडळाने सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत एवढे साधले, तरी चिंतामणरावांचे स्मरण सार्थ झाले असे मी मानीन.