थोर गणिती प्वांकारे

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागात नान्सी नावाचे नगर आहे. तेथील एका डॉक्टरांच्या घरी २९ एप्रिल १८५४ रोजी आंरी प्वांकारे ह्यांचा जन्म झाला. आंरी पाच वर्षांचा असताना त्याला घटसर्पाने गाठले. दुखण्यातून तो उठला खरा. पण त्यानंतर कित्येक महिने त्याला बोलता येत नव्हते. पुढे तो शाळेत जाऊ लागला, तेव्हा दृष्टी अधू असल्यामुळे फळ्यावरची अक्षरे त्याला नीट दिसत नसत. मग तो फळ्याकडे पाहण्याचे सोडून देई आणि गुरुजींचे बोलणे एकाग्रतेने ऐके. ऐकलेले सारे त्याच्या मनावर जणू कोरले जाई. चित्रकला मात्र त्याला कधीच साधली नाही. भूमितीतील अवघड सिद्धांत मनातल्या मनात सोडवणाऱ्या ह्या मुलाची कागदावरची आकृती पाहून हसू यावे, अशी स्थिती होती. तरीही १८७३ साली पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक ह्या नामांकित विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिला आला.

शिक्षण पुरे झाल्यावर प्वांकारे ह्यांनी खाणींच्या अभियंत्याची नोकरी पत्करली. थोड्याच महिन्यांत, १८७९ च्या ऑगस्टअखेर, माग्नी येथील कोळशाच्या खाणीत भयंकर स्फोट झाला व अनेक कामगार प्राणास मुकले. आत अडकलेल्यांचा शोध चालूच होता. आणखी एखादा स्फोट होणार नाही, ह्याची कोणासही शाश्वती नव्हती. अशा वेळी पंचवीस वर्षांचे प्वांकारे स्फोटाचे कारण शोधण्यासाठी खाणीत उतरले.

कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साठतो. म्हणून कामगारांच्या दिव्याची ज्योत बारीक तारेच्या जाळीत बंदिस्त केलेली असे. जाळी शाबूत असेपर्यंत आतली ज्वाला बाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. प्वांकारे ह्यांनी एकेक दिवा तपासला. ४७६ क्रमांकाच्या दिव्याच्या जाळीला एक लहानसे चौकोनी भोक पडले होते. ते टिकावाच्या टोकाने पडले असावे, असे त्याच्या आकारावरून त्यांनी ताडले. कोळसा फोडताना टिकावाचा चुकार घाव दिव्यावर बसला आणि बोटभर भोकाने एवढा अनर्थ केला! लहानशा कारणाचे केवढे मोठे परिणाम होऊ शकतात, ह्याचा असा प्रत्यय त्यांना तरुण वयातच आला.

त्यांचे मन मात्र गणितात रमले होते. लवकरच ते गणिताचे अध्यापक झाले व १८८१ पासून पॅरिसच्या विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळच्या शास्त्रज्ञांची एक दृढ श्रद्धा होती. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम प्रसिद्ध केल्यापासून ग्रहांच्या गतीचे गणित मांडता येऊ लागले होते. ग्रहण केव्हा लागणार हे आधी सांगता येई. हॅलेचा धूमकेतूही भाकितानुसार १७५९ साली सूर्याजवळ परतला. मग विश्वातील प्रत्येक वस्तूचे आजचे स्थान आणि वेग कळले, तर उद्याचे सारे काही गणिताने सांगता येईल, असे लाप्लाससारखे थोर गणिती मानू लागले. परंतु एक अडचण होती. पृथ्वी व चंद्र, अशा दोनच गोलांचा विचार केला, तर गणित सरळ सुटे. त्यांत सूर्य मिळवून तीन गोल केले की ते सुटेनासे होई. न्यूटनलाही ते सुटले नव्हते.

स्वीडन व नॉर्वे ह्या दोन्ही देशांचा राजा दुसरा ऑस्कर ह्याचा साठावा वाढदिवस २१ जानेवारी १८८९ रोजी येणार होता. त्यानिमित्त गणिताची एक स्पर्धा जाहीर झाली. तिच्यातील एक प्रश्न अशा अनेक गोलांच्या गतीविषयीचा होता. प्वांकारे ह्यांनी तीन गोलांपुरता विचार करून दीर्घ निबंध पाठवला. परीक्षकांनी त्यालाच पारितोषिक दिले. सुवर्णपदक आणि २५०० क्राउन रक्कम मिळाली; प्वांकारे ह्यांचे नाव युरोपभर झाले.

निबंध एका नियतकालिकात छापला जात होता. मुद्रिते तपासताना फ्रागमेन नावाच्या तरुण स्वीडिश गणित्याला काही ठिकाणी शंका आल्या. त्यांची उत्तरे शोधता शोधता प्वांकारे ह्यांच्या ध्यानात आले, की दुसऱ्याच एका ठिकाणी आपली मोठी चूक झाली आहे. सारी इमारत ज्या खांबावर उभी, तोच पोकळ निघाला होता. अंक छापून झाला होता. काही प्रती वाटल्याही गेल्या होत्या. पारितोषिक पदरात पडले होते आणि तीन नामवंत परीक्षकांपैकी कोणालाही ती चूक दिसली नव्हती. तरीही १८८९ च्या डिसेंबरात प्वांकारे ह्यांनी संपादकांना पत्र लिहून ती स्पष्टपणे कळवली.

संपादक मित्ताग-लेफ्लर ह्यांनी वाटलेल्या प्रती परत मागवल्या व छापलेला अंक रद्द केला. त्यांनी ह्या गोष्टीचा बोभाटा होऊ दिला नाही. ते योग्य की अयोग्य, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. वाया गेलेल्या छपाईचा खर्च मात्र प्वांकारे ह्यांनी स्वतः सोसला. तो ३५०० क्राउनांहून अधिक झाला. म्हणजे पारितोषिकाची सगळी रक्कम त्यात गेलीच, वर पदरचे हजारभर क्राउन भरावे लागले.

दुरुस्त केलेला निबंध १८९० साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की पहिल्या निबंधापेक्षा हा कितीतरी मोलाचा ठरला. चूक जेथे होती, तेथेच नवा शोध दडलेला होता. तीन गोलांचे मार्ग कधीकधी इतके गुंतागुंतीचे होतात, की आरंभीच्या स्थितीत केसाएवढा फरक पडला तरी पुढे मार्ग पार निराळा होतो. कौलारू घराच्या आढ्यावर पडणारा पावसाचा थेंब पाहावा. तसूभर इकडे पडला तर पुढच्या अंगणात येतो, तसूभर तिकडे पडला तर परसात जातो. नियम अढळ असले, तरी आपले मोजमाप कधीच परिपूर्ण नसते. म्हणून दूरचे भविष्य गणितालाही सांगता येत नाही. त्या गुंतलेल्या मार्गांची आकृती काढण्याच्या भरीस प्वांकारे पडलेच नाहीत. चित्रकलेत कच्चा असलेल्याच काय, पण कसलेल्या चित्रकारालाही ती साधली नसती!

१९११ साली ब्रसेल्स येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत प्वांकारे ह्यांनी प्लांकच्या नव्या पुंजवादाची चर्चा ऐकली. त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते. तरीही परतल्यावर त्यांनी लगेच लेखणी उचलली आणि ऊर्जा तुटक तुटक पुंजांनीच दिली-घेतली जाते, असे मानल्यावाचून प्लांकचा नियम सिद्ध होत नाही, हे गणिताने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९१२ रोजी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

पुंजवादाने पुढे आणखी मोठा धक्का दिला. अणूतील कणाचे स्थान आणि वेग ही दोन्ही एकाच वेळी अचूक ठरवता येणारच नाहीत, असे हायझेनबर्ग ह्यांनी १९२७ साली दाखवले. ही अडचण निव्वळ मोजमापाच्या कमतरतेची नव्हती. ती निसर्गातच होती.

प्वांकारे ह्यांच्या शोधाचे महत्त्व जगाला पुरते पटायला मात्र संगणक यावे लागले. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेंझ हे हवामानाचे गणित संगणकावर मांडत होते. एकदा .५०६१२७ ऐवजी त्यांनी .५०६ एवढेच आकडे घातले आणि थोड्याच वेळात हवामानाचे सगळे चित्र पालटले. पुढे १९८९ साली फ्रान्सचेच झाक लास्कार ह्यांनी ग्रहांच्या गतीचे दीर्घ गणित केले. पृथ्वीचे आजचे स्थान मोजताना केवळ १५ मीटरांची चूक झाली, तर १० कोटी वर्षांनंतर पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कोठे असेल हे सांगता येणार नाही, असे त्यांतून निघाले.