डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या दप्तरात खर्र्याची पुडी सापडली. आम्ही ती काढून घेतली व त्यास शिक्षाही केली. परंतु तंबाखू, सुपारी व चुना यांच्या त्या मिश्रणाने नेमके काय होते, हे समजावून सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले. ती उणीव भरून निघावी म्हणून, ज्या थोर पुरुषाने या प्रश्नाचा कसून अभ्यास केला त्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ साली झाला. त्यांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगाने शरीराच्या पेशींत कोणता पालट होतो, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणारे ते शास्त्र होय. स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांजकडे आली.

मुखाच्या कर्करोगाने पीडलेल्या लागोपाठच्या एक हजार रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. केवळ गाठ पाहून त्यांचे समाधान होत नसे. रोग्याच्या सवयी कोणत्या, याकडेही त्यांचे लक्ष असे. खालच्या ओठाच्या आत खैनी धरणाऱ्यास ओठाशी रोग होतो. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यास टाळूला होतो. कमरेस धोतर नित्य घट्ट आवळणाऱ्यास क्वचित त्याच जागी होतो. हे तीन प्रकार त्यांनी सहकाऱ्यासमवेत १९४५ साली जगापुढे मांडले. कर्करोग म्हणजे दैवाचा घाला, असे मानणाऱ्या लोकांस त्याचे एक कारण आपल्याच सवयींत आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

दाह व कर्करोग यांचा संबंध आज अधिक उलगडला आहे. जखम झाली असता पेशींत सायक्लो-ऑक्सिजिनेज-दोन नावाचे एन्झाइम वाढते व त्यापासून सूज आणि वेदना उत्पन्न करणारी द्रव्ये बनतात. जखम भरली की हे कार्य शमते. परंतु तंबाखू व सुपारी रोज त्याच जागी डिवचू लागल्या, तर दाह शमावा कसा? तंबाखूतील विषे पेशींचे बीजद्रव्य बिघडवितात आणि हे एन्झाइम बिघडलेल्या पेशींच्या वाढीस व त्यांना पोसणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांस साहाय्य करिते. मुखाच्या व घशाच्या पुष्कळ गाठींत ते निरोगी भागाहून अधिक आढळते. हे एन्झाइम १९९१ च्या सुमारास ओळखले गेले. खानोलकर त्यापूर्वीच, १९७८ साली, निवर्तले होते. तथापि रोगाची वाट कोठून सुरू होते, हे त्यांनी आधीच सांगून ठेविले होते.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले.

मुलांनो, हिंगणघाटच्या पानठेल्यावर घोटलेली पुडी हाती आली, तर या पुरुषाचे स्मरण करा आणि ती परत द्या. पालकांसही आमची विनंती आहे : तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तत्काळ डॉक्टरांस दाखवा. त्या विद्यार्थ्यास आम्ही हे सर्व आता सांगितले आहे. सांगून होताच त्याने आम्हांस विचारिले की, हे माझ्या वडिलांस कोण सांगेल? म्हणूनच हा लेख घरी मोठ्याने वाचला जावा, अशी आमची इच्छा आहे.