फादर थॉमस स्टीफन्स

ख्रिस्ती राजसत्तेनेच कॅथॉलिकांचा छळ मांडिलेल्या इंग्लंडातून फादर स्टीफन्स १५७९ त गोव्यास आले. १५८३ त पोर्तुगीज शिपायांनी साष्टीतील देवळे जाळिली. सांगावयास लाज वाटते, पण पाद्रीही बरोबर होते. जुलैत कुंकळ्ळीकरांनी पाच येशूसंघीयांस ठार मारिले. त्यांस मूठमाती स्टीफन्स यांनी दिली. पुढे गावच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात नेऊन पोर्तुगीजांनी त्यांचा वध केला. हा सूड ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून होता, असे आम्ही आंबागडच्या हिंदु शेजाऱ्यांस कोणत्या तोंडाने सांगावे? प्रभूने तर पेत्रालाही तरवार म्यान करावयास लाविले. स्टीफन्स साष्टीतच राहिले, मराठी शिकले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण त्यांनी रचिले. ते १६१६ त रायतूर येथे छापिले गेले. १६१९ त फादर वारले.