बेबची शेवटची इनिंग

ब्रॅडमनची सरासरी किती, असं आपल्या हॉस्टेलमध्ये कुणालाही रात्री दोन वाजता उठवून विचारा. डोळे न उघडता ९९.९४ असं उत्तर येईल! पण १९३२ साली हाच ब्रॅडमन न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मुद्दाम ज्या खेळाडूला भेटला, त्या बेब रूथबद्दल विचारलं तर बहुतेक जण पांघरूण डोक्यावर ओढून घेतील. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. बेसबॉल मला आजही धड कळत नाही. मी या माणसाच्या नादाला लागलो तो माझ्या मामांच्या आजारपणामुळे. ते पुढे येईलच. आधी बेबची ओळख करून घेऊ.

त्याचे खरे नाव जॉर्ज हर्मन रूथ. जन्म ६ फेब्रुवारी १८९५, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. वडिलांचा दारूचा गुत्ता होता. पोरगा रस्त्यावर वाढत होता, हाताबाहेर जात होता. सातव्या वर्षी आईवडिलांनी त्याला सेंट मेरीज या शाळेत टाकले. अनाथ आणि वाया गेलेल्या मुलांची ही निवासी शाळा धर्मगुरूंच्या संस्थेमार्फत चाले. तिथे तो शर्ट शिवायला शिकला. हॉस्टेललाइफ म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होते म्हणायला हरकत नाही. तिथल्याच ब्रदर मथायस नावाच्या धिप्पाड शिक्षकांनी त्याच्या हातात बॅट दिली. त्या माणसाला रूथ जन्मभर विसरला नाही.

१९१४ साली बाल्टिमोरच्या संघाने त्याला शाळेतून उचलले. वय एकोणीस. संघाच्या मालकाने आणलेले हे नवे पोर म्हणून त्याला सगळे बेब म्हणजे बाळ म्हणू लागले, आणि तेच नाव पडले. त्याच वर्षी तो बोस्टन रेड सॉक्सकडे गेला. तिथे तो पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, आणि तोही अव्वल दर्जाचा. पण त्याची बॅट त्याच्या बोलिंगपेक्षा जास्त गाजायला लागली. १९२० च्या सुरुवातीला न्यूयॉर्क यांकीजने त्याला एक लाख डॉलर मोजून विकत घेतले.

बेसबॉलमध्ये चेंडू थेट कुंपणाबाहेर मारला की होम रन. आपला सिक्सरच, पण कितीतरी दुर्मिळ. रूथने १९२० च्या मोसमात ५४ होम रन मारले, पुढच्या वर्षी ५९ आणि १९२७ मध्ये ६०. तो ६० चा विक्रम १९६१ पर्यंत टिकला आणि कारकिर्दीतल्या एकूण ७१४ होम रनचा विक्रम १९७४ पर्यंत. १९२३ मध्ये यांकी स्टेडियम उघडले त्या पहिल्याच दिवशी त्याने तिथे होम रन ठोकला. खाणे-पिणे, सिगार, रात्रीची जागरणे, पैसा उडवणे, सगळेच दणक्यात. पण इस्पितळातल्या आजारी मुलांना भेटायला जायचे म्हटले की गडी तयार! १९३५ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी लंडनला गेला असताना त्याने नेटमध्ये क्रिकेटची बॅटही फिरवून पाहिली, बरं का.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही स्पोर्ट्सच्या पुस्तकात मिळते. मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची दोन वर्षे.

१९४६ च्या शरद ऋतूत रूथचे डोके डाव्या बाजूने असह्य दुखू लागले. डोळ्यामागे कळा येत, आवाज बसला, गिळता येईना. आधी सायनसचे दुखणे वाटले, दातांवरही संशय गेला. नोव्हेंबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या फ्रेंच हॉस्पिटलमध्ये दाखल झाला तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू सुजली होती. तपासणीत कवटीच्या तळाशी मोठी गाठ निघाली. रेडिएशन दिले. जानेवारी १९४७ मध्ये मानेचे ऑपरेशन केले, पण गाठीने मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीलाच विळखा घातला होता. सगळी गाठ काढणे शक्य नव्हते. वजन सुमारे ३६ किलोंनी उतरले. २७ एप्रिल १९४७ ला सगळ्या बेसबॉल जगताने बेब रूथ दिन पाळला. त्या दिवशी यांकी स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर तो बोलायला उभा राहिला तेव्हा घशातून नुसती खरखर बाहेर पडत होती. कॅन्सर हा शब्द त्याच्यासमोर कुणी काढत नव्हते. त्या काळी आजार मोठा असला की पेशंटपासून लपवायचा अशीच रीत होती.

रेडिएशन झाले, ऑपरेशन झाले. आता काय?

१९४७ च्या जूनअखेरीस त्याला टेरॉप्टेरिन नावाचे नवे औषध सुरू झाले. हे फॉलिक ॲसिडच्या कुळातले. तोवर याचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले. ते तयार झाले होते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. वाचताना मी इथे थांबलोच. बेब आणि सुब्बाराव दोघेही १८९५ साली जन्मले आणि दोघेही १९४८ च्या ऑगस्टमध्ये, साधारण आठवड्याच्या अंतराने गेले.

रूथने इंजेक्शन्सना होकार दिला. हे औषध नवीन आहे, पुढे काय होईल सांगता येत नाही, याची त्याला कल्पना होती. निष्कर्ष चांगला निघो वा वाईट, डॉक्टरांना आणि आपल्यासारख्या इतर पेशंटना त्याचा उपयोग होईल, अशा अर्थाचे त्याने १९४८ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सहा आठवडे रोज इंजेक्शन. आणि चमत्कार वाटावा असे घडले. मानेतल्या गाठी बसल्या, दुखणे कमी झाले, गिळता येऊ लागले, वजन नऊ किलोंहून अधिक वाढले. सप्टेंबरमध्ये सेंट लुईसच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर परिषदेत त्याची केस नाव न घेता मांडली गेली.

पण सुधारणा टिकली नाही. १३ जून १९४८ ला यांकी स्टेडियमच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्याची ३ नंबरची जर्सी कायमची निवृत्त करण्यात आली. तेव्हा तो बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा होता. पाठमोऱ्या रूथच्या त्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १६ ऑगस्ट १९४८ ला तो गेला. वय फक्त त्रेपन्न. शवविच्छेदनात कळले की कॅन्सर नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला सुरू झालेला होता.

आता माझ्या मामांविषयी. गेल्या वर्षी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला, तोही पुढच्या टप्प्यातला. मुंबईतल्या एका रुग्णालयात सात आठवडे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस. आणि त्याच काळात दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचे सलाइन. मे महिन्याच्या सुट्टीत सोबतीला मी होतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलले गेले, पाणीसुद्धा घोटवेना, नाकातून नळी घालावी लागली. दोन्ही एकदम कशाला, एकेक करून द्या ना, असं मामी रोज म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. मग बाहेरच्या बाकावर बसून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता बेब रूथपाशी पोचलो. रेडिएशन आणि औषध दोन्ही मिळालेल्या पहिल्या काही पेशंटमध्ये त्याची गणना होते.

पण एक फरक लक्षात घ्या. त्याला आधी रेडिएशन मिळाले आणि काही महिन्यांनी औषध. आज दोन्ही बरोबर देतात. का? रेडिएशनमुळे पेशीतला डीएनए तुटतो. पेशी तो दुरुस्त करू बघते. सिस्प्लॅटिनमधला प्लॅटिनम डीएनएला चिकटून बसतो आणि ती दुरुस्ती होऊ देत नाही. मेंटेनन्सवाल्याचे हात बांधून मशीनवर घाव घालायचा, असा हा प्रकार. म्हणून वेळ जुळायला लागते. निरोगी पेशींनाही मार बसतो, मूत्रपिंड आणि कानांना धोका असतो, त्यामुळे हे सगळ्यांना झेपत नाही.

सिस्प्लॅटिनची गोष्ट तर आपल्या ब्रँचवाल्यांसाठीच आहे. १९६५ मध्ये मिशिगनमधल्या बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंच्या द्रावणात विद्युतक्षेत्र लावले. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते नुसते लांबच लांब वाढत गेले. श्रेय विजेचे नव्हतेच. इलेक्ट्रोडचा प्लॅटिनम द्रावणात उतरून त्याचे संयुग झाले होते! १९७८ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले.

आणि बेबच्या टेरॉप्टेरिनचे काय? ते कॅन्सरवरचे औषध म्हणून टिकले नाही. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना तर दिसले की फॉलिक ॲसिडच्या कुळातल्या औषधांनी मुलांचा रक्ताचा कॅन्सर उलट बळावतोय. त्यांनी सुब्बारावांच्या प्रयोगशाळेकडून फॉलिक ॲसिडच्या विरोधी औषधे मागवली, आणि १९४८ मध्ये काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले.

म्हणजे बेबची ती सुधारणा नेमकी कशाने झाली? आधीच्या रेडिएशनने, औषधाने, की दोन्हींनी? एका रीडिंगवरून ग्राफ काढता येत नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलपासून शिकवतात. उत्तर मिळायला पन्नास वर्षे लागली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. आजार बेबचाच, नाकामागच्या घशाचा कॅन्सर. १४७ पेशंट. नुसते रेडिएशन मिळालेल्यांपैकी तीन वर्षांनी ४७ टक्के जिवंत होते. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन आणि नंतर आणखी केमो मिळालेल्यांपैकी ७८ टक्के! डोके आणि मानेच्या सगळ्या कॅन्सरचा एकत्र हिशेब केला, तर फायदा एवढा मोठा नाही. २००९ च्या एका आढाव्यात १७ हजारांहून अधिक पेशंटची माहिती एकत्र केली होती. त्यात रेडिएशनबरोबरच केमो दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण ६.५ टक्क्यांनी जास्त दिसले. म्हणजे शंभरात सहा-सात माणसे. कमी वाटतात? ज्यांच्या घरातली ती सहा-सात असतात त्यांना विचारा.

आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही यात भर घातली. तिथल्या ३०० पेशंटच्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दर तीन आठवड्यांनी मोठा डोस दिला तर दोन वर्षांनी ७३.१ टक्के पेशंटचा आजार जागच्या जागी काबूत होता, दर आठवड्याला छोटा डोस दिलेल्यांत ५८.५ टक्के. मोठ्या डोसचा त्रास मात्र जास्त. मामांना दर तीन आठवड्यांनी सलाइन का, याचं उत्तर मला इथे मिळालं. ते तीनशे जण कोण, मला माहीत नाही. पण बेबसारखेच तेही हो म्हणाले होते.

शेवटी एक सांगतो, लेक्चर समजू नका. बेबचा कॅन्सर ज्या जागेचा होता त्याच्यामागे एका विषाणूचा मोठा हात असतो. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमागे मात्र बहुतेकदा तंबाखू आणि सुपारी असते, म्हणजे गेटबाहेरच्या टपरीवर लटकणाऱ्या पुड्या. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, आवाज बसलेलाच राहिला, मानेत गाठ लागली, तर सबमिशन संपेपर्यंत थांबू नका. लवकर सापडलेल्या कॅन्सरला बऱ्याचदा एकच उपचार पुरतो. दोन्ही एकदम घ्यायची वेळ येते ती उशीर झाल्यावर.

बेबचे होम रनचे विक्रम केव्हाच मोडले. पण १९४७ च्या उन्हाळ्यात, मोजायला स्कोअरबोर्ड नसताना, त्याने जो होकार दिला त्यावर पुढे हजारोंचे होकार रचले गेले. माझ्या लेखी तीच त्याची सर्वांत मोठी खेळी.